पाचनंतर या

“डबी उभीच धरलीय, मॅडम. आडवी न्हाई केली.”

दोन्ही हातांनी डबी काउंटरवर ठेवत तो म्हणाला. काठोकाठ भरलेला दुधाचा पेला आणावा तशी त्याने ती समोरच्या हॉस्पिटलातून रस्ता ओलांडून आणली होती. आत जेमतेम चमचाभर हिरवट बेडका होता. डबीवर पट्टी चिकटवलेली: अलका शीतल टारे, वय २९, आयसीयू, बेड चार.

“अहो, याचं झाकण घट्ट असतं,” मी म्हणाले. “उलटी केली तरी सांडत नाही.”

“असू दे. छातीत नळी घालून काढलाय म्हणं. सांडला तर परत काढाय लागंल. तिला तरास.”

मी डबी उचलली, पट्टीवरचं नाव फॉर्मवरच्या नावाशी ताडून बघितलं आणि घड्याळाकडे बघून वेळ लिहिली. दहा वाजून पंचवीस मिनिटं. तो काउंटरला टेकून माझ्या मागे बघत होता. तिथे टेबलावर आमचं नवं मशीन होतं. लोकांना दिसावं म्हणून डॉक्टरांनी ते मुद्दाम दर्शनी भागात ठेवून घेतलं होतं.

“हे नवं का?”

“महिना झाला.”

“काय करतंय?”

“छातीत कुठला जंतू शिरलाय ते सांगतं. कुठल्या औषधाला तो जंतू दाद देणार नाही, तेही सांगतं.”

“आयला, भारीच की. आणि किती येळात?”

खरं उत्तर होतं, सव्वा तासात. मी म्हणाले, “संध्याकाळी पाचनंतर या.”

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. तेव्हा अजून कोरोना आला नव्हता. मशीनमधून तासाभरात रोग कळतो हे आज शाळेतलं पोरसुद्धा सांगेल, पण त्या वेळी आमच्या इचलकरंजीत ते कुणाला पटत नव्हतं. न्यूमोनियाच्या पेशंटचा बेडका आला की आम्ही तो काचेच्या ताटलीत लावायचो, जंतू वाढायची वाट बघायचो, मग त्याच्यावर एकेक औषध घालून बघायचो. तीन दिवस लागायचे. लोकांना तीन दिवसांची सवय झालेली. त्याला ते ‘पक्का रिपोर्ट’ म्हणायचे.

मशीन आलं आणि पहिल्याच आठवड्यात एका निवृत्त हेडमास्तरांचा बेडका आला. दहाला घेतला, साडेअकराला मी हसत हसत त्यांच्या हातात रिपोर्ट दिला. मास्तरांनी चष्मा वर केला, घड्याळ बघितलं आणि कागद काउंटरवर ठेवून दिला. “बाई, छत्तीस वर्षं पेपर तपासलेत मी. तासाभरात गठ्ठा तपासून आला की ओळखायचं, मास्तरानं वाचलेलाच नाही.” ते सांगलीला गेले, तिथे परत बेडका दिला. तीन दिवसांनी तोच जंतू निघाला. तरी ते आमच्याकडे परत आले नाहीत. वर चार लोकांना सांगत सुटले की हे अंदाजपंचे छापून देतात.

आमचे डॉक्टर जुगळे पांढरपेशे, भिडस्त. त्यांना फार लागलं ते. मशीनसमोर उभे राहून म्हणाले, “कोष्टी मॅडम, आता काय करायचं? लोकांना लवकर दिलेलं चालत नाही.”

उपाय मी काढला. मीच. मला माझ्या जिभेचं मोठं कौतुक होतं तेव्हा. मी म्हणाले, “सर, बघायला आल्या आल्या मुलीकडच्यांनी होकार दिला की लोकांना मुलीत खोट दिसते. चार दिवस थांबवून मग कळवायचं असतं. आपण सकाळचे सगळे रिपोर्ट संध्याकाळी पाचनंतर देऊया. पक्के वाटतील.”

डॉक्टर हसले. “बघा तुम्हीच,” म्हणाले. आणि खरंच, पाचनंतर दिलेला रिपोर्ट कुणी परत केला नाही. मी येणाऱ्या जाणाऱ्याला ही गोष्ट रंगवून सांगायचे.

तर मी बाळगोंडाला पाचनंतर या म्हटलं. त्याचं नाव फॉर्मवर होतं, बाळगोंडा मगदूम, पेशंटचा भाऊ. तो गेला नाही. काउंटरसमोरच्या खुर्चीत बसला.

“जाऊन या की घरी,” मी म्हणाले. “सहा तास इथं बसून काय करणार?”

“तिकडं आत सोडत न्हाईत. एकालाच दारात बसू देत्यात, तितं दाजी हाईत. मी हितं बसतो. चालंल न्हवं?”

“बसा की.”

मी डबीतला बेडका मशीनच्या पाकिटात घातला, पाकीट मशीनमध्ये सरकवलं आणि बटण दाबलं. साडेदहा वाजले होते. मशीन हळू आवाजात गुरगुरायला लागलं. बाळगोंडा कान देऊन ऐकत होता.

“बेरिंग चांगलं हाय,” तो म्हणाला.

मला हसू आलं. मग त्याने सांगितलं, तो जॉबर आहे. म्हणजे यंत्रमाग बिघडला की खोलून नीट करणारा. गावात तीन मालकांचे मिळून छप्पन्न माग त्याच्या हाताखाली. कुठला माग कसा वाजतो यावरून त्याला कळतं, काय झिजलंय ते. बोलायला लागला की थांबायचा नाही. काळजीत असलेली माणसं दोन तऱ्हेची, एक गप्प बसणारी आणि एक न थांबता बोलणारी. हा दुसऱ्यातला. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असेल. तासाभरात मी ‘मॅडम’ची ‘अक्का’ झाले होते.

अलका त्याची पाठची बहीण. लग्न गावातच झालेलं. घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारं सूत गुंडाळून द्यायची. आधी साधा ताप आला, मग खोकला. घरातल्यांना वाटलं सुताची धूळ गेली असेल. गूळ-हळद झाली, गल्लीतल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. मग दुसऱ्या एका दवाखान्यात आठ दिवस, आणि तिथून इथे, थेट आयसीयूत, नळी घालून. सहावा दिवस होता.

“शुद्धीवर आहे?”

“तर वो. बोलाय येत न्हाई, तोंडात नळी. पर कागदावर लिवून दावतीया. आज सकाळी घडीभर भेटाय सोडलं, तवा लिवलं, चष्मा आणा. म्हटलं कशाला गं? तर लिवती, नर्सबाईचं नाव वाचायचंय. आता बायकोला फोन केलाय, चष्मा घिऊन ये म्हणून.” तो स्वतःशीच हसला. “असली हाय ती. येका जागी गप बसंल तर शपथ. म्हंजे आता सुधारतीया म्हणायची न्हवं, अक्का?”

“सुधारतेयच,” मी म्हणाले.

अकरा बेचाळीसला मशीन थांबलं. कागद बाहेर आला. मी तो घेतला आणि नजर टाकली. क्लेबसिएला नावाचा जंतू, आणि त्याच्याखाली एनडीएम ही तीन इंग्रजी अक्षरं. त्याचा अर्थ सरळ होता: आयसीयूत शेवटचं म्हणून जे भारी इंजेक्शन देतात, ज्याला नर्सेस ‘मेरो’ म्हणतात, ते याला लागू पडणार नाही. जंतू ते खाऊन पचवतो. फॉर्मवर हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मेरो चालू, दिवस पाचवा.’ म्हणजे पाच दिवस तिच्या शिरेतून जे जात होतं त्याचा पाण्याइतकाही उपयोग नव्हता. हे दोन्ही कागद माझ्या हातात होते. दोन्ही मी वाचले.

मी कागद घेऊन आतल्या केबिनमध्ये गेले. डॉक्टर जुगळे सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसले होते. त्यांनी रिपोर्ट बघितला, सही केली.

“आयसीयूतला दिसतोय,” ते म्हणाले. “फोन करून टाका लगेच. पाचची वाट बघू नका.”

“करते, सर.”

मी बाहेर आले. फोन काउंटरवर होता. काउंटरच्या पलीकडे, दोन हातांवर, बाळगोंडा बसला होता. त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

“कुणाचा हाय वो?”

मी काय सांगणार होते? सव्वा तासापूर्वी मी या माणसाला संध्याकाळी पाच म्हणून सांगितलेलं. आता त्याच्यासमोर फोन उचलून म्हणायचं, अलका टारेंचा रिपोर्ट तयार आहे? त्याच्या कपाळावर आठी पडणार, तो म्हणणार, मग पाच का म्हणालात? किंवा मास्तरांसारखं म्हणणार, एवढ्यात झाला पण? मला लाज वाटली. एवढीशी लाज, शेजारणीने उसनी साखर परत मागितल्यावर वाटते तेवढी.

“दुसऱ्याचा आहे,” मी म्हणाले, आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

माझ्या मनात काय होतं ते मी जसंच्या तसं सांगते, काही झाकत नाही. मला वाटलं, हा जेवायला उठेल तेव्हा फोन करू. बाराला नाहीतर साडेबाराला उठेलच. आणि मला असंही वाटलं की पूर्वी याच कामाला तीन दिवस लागायचे. आज पाचला दिला तरी आपण अडीच दिवस आधीच देतोय की. तासाभराने काय होतंय.

तो जेवायला उठला नाही. बायको डबा घेऊन इथेच आली. अंगाने बारीक, घाबरलेली बाई. तिने चष्म्याचं घर त्याच्या हातात दिलं आणि ती हॉस्पिटलात नणदेच्या नवऱ्याला डबा द्यायला गेली. त्याने माझ्यासमोरच भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. मलाही देऊ केली. मी अर्धी भाकरी घेतली. चव चांगली होती, तसं मी त्याला सांगितलंही.

“पोरगी कुणाकडं आहे तिची?” मी विचारलं. अलकाला चार वर्षांची मुलगी आहे हे त्याने मघाशी सांगितलं होतं.

“माझ्याकडंच. काल रातच्याला इचारत हुती, आई कवा येणार. म्हटलं डॉक्टर तपासत्यात अजून.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमी तपासताय म्हटल्यावर मला जरा बरं वाटतंय, अक्का. नीट बगा. घाई करू नका.”

“नाही करत,” मी म्हणाले.

दुपारी दोनला रक्त तपासायला गर्दी झाली. साखरवाले, थायरॉइडवाले, एक रडणारं बाळ. मी सुया टोचत होते, नळ्यांवर नावं लिहीत होते. मधे एकदा डॉक्टर बाहेर येऊन गेले. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांना वाटलं असणार, फोन कधीच झाला.

साडेतीनला बाळगोंडा तोंडावर पाणी मारायला मागच्या नळावर गेला. मी झटकन रिसीव्हर उचलला. हॉस्पिटलचा नंबर मला पाठ. पहिले तीन आकडे फिरवले तोच मागचं दार वाजलं, तो पंच्याने तोंड पुसत आत आला. मी रिसीव्हर ठेवून दिला. म्हटलं, आता दीड तासच राहिलाय.

मी रिसीव्हर ठेवला. हे वाक्य लिहिताना मला आजही माझा हात दिसतो.

सव्वाचारला त्याचा मोबाइल वाजला. त्याने खिशातून काढला, नाव बघितलं. “दाजी,” असं मला सांगून कानाला लावला. “हां, बोला की.” मग तो ऐकत राहिला. मी एका बाईच्या दंडाला पट्टा बांधत होते. माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. त्याचा आवाज आला तो असा, अगदी साधा, दुकानात चुकीची वस्तू दिल्यावर विचारतात तसा:

“कोण? आमची का?”

मी वर बघितलं. तो उभा राहिला होता. “न्हाई, दाजी, बेड चार म्हंजे आमचाच की,” तो म्हणाला. “परत इचारा. नीट इचारा त्यास्नी.” पलीकडून काहीतरी बोलणं चाललं होतं. त्याने मोबाइल कानावरून काढला, त्याच्याकडे बघितलं, परत कानाला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “बोलवत्यात. काय तर म्हणत्यात.” आणि तो पळाला. चपला खुर्चीखालीच राहिल्या.

बाईच्या दंडाचा पट्टा तसाच ठेवून मी ड्रॉवर ओढला, कागद घेतला आणि त्याच्यामागे पळाले. रस्त्यावर एक टेम्पो कचकन ब्रेक लावून थांबला, ड्रायव्हर माझ्यावर काहीतरी ओरडला. मी दोन जिने चढले. आयसीयूच्या दारात तीन-चार माणसं होती, एक पुरुष जमिनीवर उकिडवा बसला होता. ते दाजी असावेत. बाळगोंडा आत गेलेला. मी दार ढकलून आत गेले, कुणी मला अडवलं नाही, माझ्या अंगात पांढरा कोट होता.

चार नंबरच्या बेडभोवती पडदा ओढलेला होता. पडद्याखाली बाळगोंडाची अनवाणी पावलं दिसत होती. आवाज कसलाच नव्हता. श्वासाचं मशीनसुद्धा बंद केलं होतं.

टेबलाशी बसलेली सिस्टर लिहीत होती. मी कागद तिच्यापुढे धरला. मला धाप लागली होती. “हिचा रिपोर्ट,” मी म्हणाले. “बेड चार. मेरो चालणार नाही. दुसरं द्यायला पाहिजे.”

सिस्टरने कागद घेतला, वाचला. मग माझ्याकडे बघितलं. ती वयाने मोठी, शांत बाई होती. दुपारी दोनपासून बीपी पडत चाललं होतं, असं ती म्हणाली. सगळं करून बघितलं. चार वाजून पाच मिनिटांनी गेली.

“याचं मी आता काय करू, मॅडम?” ती म्हणाली. “फाईल बंद झाली. तुमच्याकडंच ठेवा.”

मी कागद परत घेऊन आले. दुकानं उघडी होती, कुणीतरी उसाचा रस काढत होतं. मला कशाचं काही कळेना. लॅबमध्ये ती बाई पट्टा बांधलेला हात तसाच धरून बसली होती आणि म्हणाली, “कुठं गेलता वो, हात काळा पडला की माझा.” मी तिचा पट्टा सोडला. रक्त मात्र लॅबमधल्या दुसऱ्या मुलीला घ्यायला सांगितलं. बाळगोंडाच्या चपला मी उचलून कोपऱ्यात ठेवल्या. पाच वाजता त्याची बायको येऊन त्या घेऊन गेली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बोलायचं कारण तिला माहीतच नव्हतं.

सहाला डॉक्टर जुगळे घरी जायला निघाले. त्यांना बातमी कळली होती.

“फोन केला होतात ना?” त्यांनी विचारलं.

“केला होता. एंगेज लागत होता,” मी म्हणाले.

त्यांनी बॅग खांद्याला लावली. मग म्हणाले, “फार आजारी होती ती. कुणी सांगावं, दुपारी औषध बदललं असतं तरी वाचलीही नसती.”

त्या वाक्याला मी धरून बसले. चार दिवस मी तेच खात होते आणि तेच पीत होते. वाचलीही नसती. त्याच रात्री नवऱ्याला सांगितलं, तोही म्हणाला, असं मनाला लावून घेऊ नकोस, नसतीच वाचली. मला झोप लागली की नाही ते आठवत नाही. सकाळी उठून मी डॉक्टरांना सांगितलं, यापुढे रिपोर्ट झाला की त्या मिनिटाला द्यायचा, कुणी तोंडावर फेकला तरी चालेल. ते नुसते ‘हो’ म्हणाले.

पाचव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, बाळगोंडा आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्याच्या त्या खुर्चीत तो बसला नाही, काउंटरशी उभा राहिला.

“अक्का, तो रिपोर्ट मिळंल का? आमच्या आलकाचा.”

मी हातातली नळी खाली ठेवली. “कशाला हवाय, दादा?”

“लोक येत्यात भेटाय. इचारत्यात कशानं गेली. न्यूमोनिया म्हटलं की म्हणत्यात, त्यानं कोण मरतंय आजकाल. तुमीच घरच्यांनी नीट लक्ष दिलं न्हाई असंल. दाजी तर खुळ्यावानी झाल्यात. म्हटलं, त्यात जंतूचं नाव असंल न्हवं? वाचून तरी दावतो त्यास्नी.”

रिपोर्ट त्याच ड्रॉवरमध्ये होता. मला फाडता आला नव्हता आणि फाईलला लावताही आला नव्हता. मी काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांत धरला. कागद इंग्रजीत होता. तो एकेक अक्षर जुळवत बघत गेला. जंतूचं नाव मी बोट ठेवून दाखवलं, उच्चार करून सांगितला, त्याने तो दोनदा म्हणून बघितला. मग त्याची नजर खाली गेली. आकडे त्याला वाचता येत होते.

“हे काय हाय? तारीख हाय त्याच दिवसाची. आणि हे अकरा बेचाळीस?”

मी ड्रॉवर लोटून बंद केला.

“सकाळचं का?”

तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. माझ्यासमोर एक भला माणूस उभा होता, ज्याची भाकरी मी खाल्ली होती. पण चार दिवस ज्या वाक्याला मी धरून बसले होते ते त्याच्यासमोर मला म्हणता येईना, आणि दुसरं काही तोंडात येईना. जे आलं ते हे:

“ती वेळ नका बघू, दादा. मशीनचं घड्याळ चुकीचं आहे.”

“चुकतंय? किती?”

“पाच तास.”

“म्होरं का मागं?”

“मागं.”

त्याने मान हलवली. एवढ्या दुःखातही त्याच्या चेहऱ्यावर जॉबरची ती बारीक आठी आली, काय झिजलंय ते शोधणारी. “पाच तास म्हंजे तिकडची येळ ऱ्हायली असंल लावलेली. बाहेरच्या देशातली. आमच्या मालकानं परदेशातनं माग आणला हुता तवा असंच झालतं. पाळीचा हिशोबच जुळंना.” त्याने रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला. “थांबा, लावून देतो मी. दोन मिनटाचं काम हाय. उगंच पुढच्या माणसाचा घोटाळा नको.”

“राहू द्या. कंपनीचा माणूस येणार आहे.”

“तो कवा यायचा? दावा की.”

काउंटरची फळी वर करून तो आत आलासुद्धा. मला त्याला अडवता आलं असतं. बाहेरच्या माणसाने आत यायचं नसतं, एवढं म्हटलं असतं तरी तो थांबला असता. माझ्याने हललंच नाही. तो मशीनसमोर वाकला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात वेळ होती. त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं. परत पडदा बघितला. मग मान वर करून भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

अकरा वाजून सहा मिनिटं. तिन्हीकडे.

तो तसाच वाकलेला राहिला. मला त्याची पाठ दिसत होती, सदरा मधोमध उसवलेला.

“बरोबर हाय की, मॅडम,” तो म्हणाला.

तो सरळ झाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, परत माझ्याकडे.

“मी हितंच बसलो हुतो न्हवं?”

“हो.”

“अकरा बेचाळीसला?”

“हो.”

“मग मला का न्हाई दिला?”

मी कारणं शोधली. मास्तरांचं सांगावं, लोकांच्या विश्वासाचं सांगावं, वाचलीही नसती असं सांगावं. सगळं जिभेपर्यंत आलं आणि एकही कारण त्या माणसासमोर उभं राहीना. जे खरं होतं तेवढंच राहिलं.

“तुम्हाला पाच वाजता या म्हणून सांगितलं होतं,” मी म्हणाले. “म्हणून.”

तो वाट बघत राहिला. त्याला वाटलं, माझं बोलणं अजून व्हायचंय.

“येवढंच?” त्याने विचारलं.

“एवढंच,” मी म्हणाले.